बिघाडाचं पंचांग

एखादं यंत्र बिघडलं की हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. मोजमापाच्या उपकरणांबरोबर नोकरीची बरीच वर्षं काढल्यावर मी तो हात आवरायला शिकले आहे. झाकण उघडायच्या आधी यंत्राला एकच विचारायचं: कधी? रोज बिघडतंस की अधूनमधून? दिवसा की रात्री? ठरल्या वेळी, की वेळ सरकत जाते? काय बिघडलंय आणि कुठे बिघडलंय, हे नंतरचे प्रश्न. ‘कधी’चं उत्तर चोख मिळालं तर त्या दोन्ही प्रश्नांचं काम निम्मं झालेलं असतं.

हे ज्याच्यामुळे मला पुरतं उमगलं, ते यंत्र सहकारनगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत टेबलावर असतं. जीपीएसडीओ म्हणतात त्याला. म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या वेळेवर बेतलेला ऑसिलेटर. एका जाडजूड शब्दकोशाएवढा डबा. मागे अँटेनाची एक वायर आत जाते आणि पुढून १० मेगाहर्ट्झची शुद्ध लहर बाहेर येते. सेकंदाला बरोब्बर १ कोटी आवर्तनं. हे डबे मुळात मोबाईल टॉवरखाली बसवलेले असायचे. सीडीएमए सेवेच्या टॉवरना एकमेकांशी काही मायक्रोसेकंदांत जुळलेली वेळ लागायची. त्या सेवा बंद पडल्या, टॉवरचं सामान भंगारात निघालं, आणि एरवी प्रयोगशाळेलाच परवडणारी अचूकता जगभरच्या हौशी लोकांच्या टेबलांवर आली. माझाही डबा तसाच आला.

त्याच्या आत दोन घड्याळं आहेत असं समजा. पहिलं म्हणजे क्वार्ट्झचा क्रिस्टल. तो एका छोट्या भट्टीत सत्तर-ऐंशी अंशांवर सतत गरम ठेवलेला असतो, म्हणजे बाहेर ऊन असो की थंडी, त्याला कळू नये. सेकंद-दोन सेकंद, शंभर सेकंद या टप्प्यात त्याच्याइतकं स्थिर दुसरं काही सहज मिळत नाही. पण तो म्हातारा होत जातो. रोज किंचित, आणि बहुधा एकाच दिशेला, त्याची वारंवारता सरकते. दुसरं घड्याळ आकाशात, साधारण २०,२०० किलोमीटरवर. प्रत्येक जीपीएस उपग्रहात अणुघड्याळं आहेत आणि जमिनीवरून त्यांच्यावर अहोरात्र देखरेख असते. महिनोन्‌महिने ती वेळ ढळत नाही. पण वातावरणातून खाली येऊन माझ्या रिसीव्हरमधून बाहेर पडेपर्यंत त्या वेळेचा प्रत्येक सेकंद काही दहा नॅनोसेकंदांनी पुढेमागे थरथरलेला असतो. तेव्हा पुढच्या मिनिटभरासाठी विश्वास क्रिस्टलवर टाकायचा आणि पुढच्या दिवसासाठी उपग्रहांवर. कुठल्या क्षणी एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा, हे यंत्रातलं एक चक्र ठरवतं. त्याचा कालांक, म्हणजे दुरुस्ती किती सावकाश करायची याचं माप, माझ्याकडे काही शे सेकंदांचा आहे. क्रिस्टल किती भरकटला हे बघून ते चक्र त्याला एक नियंत्रक व्होल्टेज देतं आणि हळूच जागेवर आणतं.

अचूकता किती? १० मेगाहर्ट्झमध्ये शंभर अब्जांत एक भाग एवढी चूक असेल, तर एक आवर्तन जास्त किंवा कमी पडायला १०,००० सेकंद लागतात. पावणेतीन तास. माझं यंत्र निरोगी असताना दिवसभराच्या सरासरीत याहूनही बरंच चांगलं चालतं. कामावर मी फ्रीक्वेन्सी काउंटर आणि सिग्नल जनरेटर तपासून देते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून येतात ते. तिथल्या संदर्भाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते, कागदपत्रांसकट. घरच्या यंत्राला असला कागद नाही. ते माझं स्वतःचं आहे, आणि आतला प्रत्येक आकडा मला उघडा दिसतो, म्हणून मला ते इतकं जवळचं वाटतं.

ते आकडे म्हणजे त्याची नोंदवही. एक जुना लॅपटॉप दर सेकंदाला लिहून ठेवतो: उपग्रहांच्या सेकंदापासून आपला सेकंद किती नॅनोसेकंद दूर आहे, नियंत्रक व्होल्टेज किती, डब्यातलं तापमान किती, कुठले उपग्रह दिसतायत आणि कोणाचा आवाज किती खणखणीत आहे. बिघाडाची वेळ नीट कळेपर्यंत मी या नोंदवहीखेरीज कशालाही हात लावला नाही.

बिघाड सुरू झाला मार्चमध्ये. एरवी सपाट असणाऱ्या आलेखावर उंचवटे दिसायला लागले. पंधरा-वीस नॅनोसेकंदांचे काही, पन्नास-साठचे काही. कधी दुपारी, कधी संध्याकाळी, कधी अपरात्री. पहिल्या नजरेत नुसता गोंधळ. असा गोंधळ बघितला की एकच कारण शोधावंसं वाटतं आणि मग ते सगळ्याला चिकटवावंसं वाटतं. मार्च महिना, संध्याकाळ, सूर्यावरच्या डागांचा जोर असलेलं वर्ष. आयनांबराचं, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराचं नाव तर ओठांवरच होतं. पण मी आलेखाच्या दिवसवार पट्ट्या छापून घेतल्या आणि एकाखाली एक भिंतीवर लावल्या. आडवं चोवीस तास, उभं एकेक दिवस.

अशा पट्ट्या लावल्या की गोंधळाचे धागे सुटे होतात. एक उंचवटा रोज यायचा, पण आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर. पट्ट्यांवर त्याची तिरकी रेघ स्पष्ट उमटली होती. दुसरी एक जोडी होती: संध्याकाळी सातच्या सुमारास एक, रात्री साडेअकराच्या पुढे दुसरा, आणि ही जोडी सरकत नव्हती. तिसरे होते ते सूर्यास्तानंतर यायचे, पण एखाद्या दिवशी थैमान आणि पुढचे दोन-तीन दिवस काहीच नाही. एक यंत्र, तीन वेगळी पंचांगं.

चार मिनिटांचं मला फार आकर्षण आहे. नक्षत्रं रोज चार मिनिटं आधी उगवतात. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करते. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात ताऱ्यांवरून मोजलेला नाक्षत्र दिवस आणि सूर्योदय ते सूर्योदय असा सावन दिवस वेगळे धरलेलेच आहेत. याच पुण्यात गणितज्ञ केरूनाना छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात आग्रह धरला होता, की पंचांगातलं गणित आकाशाशी ताडून बघा आणि जुळत नसेल तर गणित सुधारा. माझा डबा दर सेकंदाला तेच करतो, म्हणून तो फिका निळा आलेख बघताना मला त्यांची आठवण होते. आणि एक कार्ल जान्स्की. बेल प्रयोगशाळेतला हा तरुण अभियंता समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधत होता. एक खरखर रोज थोडी थोडी लवकर यायची. तिची फेरी २३ तास ५६ मिनिटांची निघाली, त्यावरून त्याने ओळखलं की ही पृथ्वीवरची नव्हे, आकाशगंगेच्या मध्याकडून येतेय. हे १९३३ सालचं प्रकाशित काम. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म एका बिघाडाची वेळ नीट टिपल्यामुळे झाला, आणि त्याच शास्त्राच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आज आपल्या नारायणगावजवळ खोडदला उभ्या आहेत.

जीपीएस उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतात. म्हणजे दोन प्रदक्षिणा नाक्षत्र दिवसात, आणि पुण्याच्या आकाशात त्यांची मांडणी रोज चार मिनिटं आधी जशीच्या तशी परत येते. तेव्हा चार मिनिटांनी सरकणारा बिघाड म्हणजे उपग्रह अमुक एका जागी आला की होणारा बिघाड. अडथळा किंवा परावर्तन. डब्यात शोधण्यासारखं काही नाही, गच्चीवर जायचं.

नोंदवहीने कुठला उपग्रह हेही सांगितलं आणि तो त्या वेळी कुठल्या दिशेला होता तेही: नैर्ऋत्येला, क्षितिजापासून वीसेक अंशांवर. गच्चीवर अँटेनाजवळ उभी राहून मी त्या दिशेला बघितलं, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नवी कोरी पत्र्याची शेड. पावसाळ्याच्या आधी पुण्यात अशा शेड उगवतात. वाळवणाला बऱ्या, गळती थांबते. उपग्रहाचा संदेश १९ सेंटिमीटर तरंगलांबीचा. पत्रा त्याला आरशासारखा. थेट आलेला संदेश आणि पत्र्यावरून वळसा घालून, काही मीटर जास्त चालून आलेला संदेश एकत्र मिसळले की रिसीव्हर वेळ चुकतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे काही मीटरचा वळसासुद्धा इथे मोठा.

शेडवाले काका त्याच वेळी गच्चीवर होते. त्यांनी विचारलं, “काय हो, पत्र्याचं काही उडतंय का डोळ्यावर?”

“नाही काका, माझ्या अँटेनाच्या डोळ्यावर उडतंय.”

मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. निवृत्त माणूस, चौकस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग तुमची ती काठी टाकीच्या पलीकडे का नाही नेत? टाकी मध्ये येईल ना आमच्या पत्र्याच्या.”

टाकीआड करायची कल्पना बरोबर होती, फक्त टाकी कुठल्या दिशेला ठेवायची हे आकाशाला विचारायला हवं होतं. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. ते ध्रुवावरून कधीच जात नाहीत. त्यामुळे साडेअठरा अक्षांशावरच्या पुण्यातून थेट उत्तरेला बघितलं तर साधारण चाळीस अंशांच्या खाली एकही जीपीएस उपग्रह कधी दिसत नाही. उत्तरेचा तो तुकडा आपल्यासाठी कायमचा रिकामा. गच्चीवरची काँक्रीटची टाकी अडवून अडवून अडवणार ती तोच तुकडा, जर अँटेना तिच्या दक्षिणेला लावली तर. पण पत्रा नैर्ऋत्येला. म्हणून अँटेना टाकीच्या दक्षिणेलाच, पण आणखी दीड मीटर उंच चढवली, म्हणजे पत्रा तिच्या पातळीच्या खाली गेला. आणि रिसीव्हरला सांगितलं की पंचवीस अंशांच्या खालचे उपग्रह मोजूच नकोस. उपग्रह थोडे कमी मिळतात, पण ज्याची जागा एकदाच पक्की मोजून ठेवलेली असते त्या अँटेनाला वेळेसाठी एक उपग्रहसुद्धा पुरतो. वायर लांबली त्याचा हिशेबही दिला. आपल्या केबलवाल्यांची आरजी-६ वायर मीटरमागे साधारण चार नॅनोसेकंद खाते. तिरकी रेघ पट्ट्यांवरून नाहीशी झाली.

आता जोडी.

संध्याकाळी सात आणि रात्री साडेअकरा. मनगटी घड्याळाच्या वेळेने येणारा बिघाड. तारे आणि उपग्रह मनगटी घड्याळ पाळत नाहीत. ते माणसं पाळतात. हे जुनं दुखणं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत, पण ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर ते काम अलिबागला हलवावं लागलं. १९०४ पासून अलिबागची वेधशाळा त्या नोंदी ठेवतेय. कशाने मोजायचं याच्याइतकंच शेजारी काय चालू आहे हेही बघावं लागतं, ते असं.

या जोडीचा एक विशेष होता. संध्याकाळचा उंचवटा एका दिशेला, रात्रीचा बरोबर उलट्या. आणि मधल्या चार-साडेचार तासांत आलेख पुन्हा सपाट. नियंत्रक व्होल्टेजचा आलेख मात्र सांगत होता की सातला ते एक पायरी चढलंय, मग तिथेच आहे, आणि साडेअकराला उतरलंय. त्या वेळी उपग्रह सगळे धडधाकट, आवाज खणखणीत. म्हणजे आकाशाकडून काही चुकीचं येत नव्हतं. सात वाजता क्रिस्टल स्वतःच सरकत होता, चक्र त्याला उपग्रहांच्या आधाराने परत आणत होतं, आणि रात्री तो पूर्ववत झाला की चक्राला उलटी मेहनत करावी लागत होती.

खात्रीसाठी माझ्याकडे तिसरा साक्षीदार आहे: एक जुना रुबिडियम ऑसिलेटर, म्हणजे रुबिडियमच्या अणूंवर चालणारं छोटं अणुघड्याळ. उपग्रहांशी त्याचा काही संबंध नाही आणि वीजपुरवठाही वेगळा. एका संध्याकाळी ऑसिलोस्कोपवर दोघांच्या लहरी एकावर एक ठेवल्या. रुबिडियमच्या लहरीवर पडदा थांबवला की जीपीएसडीओची लहर तुलनेत सरकते की उभी राहते ते दिसतं. पावणेसातपर्यंत ती उभीच होती. रुबिडियमची स्वतःची किंचित चूक आहे, पण तिने सरकायला एका आवर्तनाला तास लागतो, डोळ्याला जाणवत नाही. सातला काही मिनिटं कमी असताना ती डावीकडे निघाली. घाई न करता, मुंगीच्या चालीने, पण निघाली. आठेक मिनिटांत एक आख्खं आवर्तन पार झालं असतं एवढा वेग; पाच अब्जांत एक भाग. तेवढ्यात चक्राने ओढ लावली आणि ती मंदावून थांबली. मला अशा वेळी फार आनंद होतो. बिघाड जिवंत पकडलेला असतो.

सात वाजता काय होतं? घरात पंखा लागतो, हे पहिलं. भट्टीतल्या क्रिस्टललासुद्धा पंख्याचा झोत थोडा लागतोच, म्हणून डबा कायम थर्माकोलच्या खोक्यात असतो. तापमानाची रेघ पण सपाट होती. पंखा सुटला. मग एका रात्री परिसरातली वीज गेली. घर साइन-वेव्ह इन्व्हर्टरवर आलं आणि दहाच्या सुमारास, म्हणजे ठरल्या वेळेच्या खूप आधी, नियंत्रक व्होल्टेज ती पायरी उतरलं. वीज आली, पुन्हा चढलं.

यात सगळं आलं. वीज असताना इन्व्हर्टर बाहेरचं व्होल्टेज जसं येतं तसं पुढे सोडतो. वीज गेली की स्वतःचं ठरीव व्होल्टेज तयार करतो. म्हणजे यंत्राला बाहेरच्या व्होल्टेजचा त्रास होता. प्लगपाशी मल्टिमीटर लावून बघितलं: दुपारी २३०च्या जवळपास, संध्याकाळी सातनंतर दोनशेच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये माणसं घरी आली की आसपासचे एसी एकामागून एक सुरू होतात. झोपायच्या सुमारास मागणी उतरते.

एवढं कळल्यावर मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. यंत्राचा नव्हे, त्याच्या वीजपुरवठ्याचा डबा उघडला. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, एक मोठा फिल्टर कपॅसिटर आणि स्थिर १२ व्होल्ट देणारा ७८१२ रेग्युलेटर. जुन्या पद्धतीचा, शांत पुरवठा; अशा कामाला हाच बरा. मल्टिमीटरला रेग्युलेटरनंतर १२ व्होल्ट दिसत होते, संध्याकाळीसुद्धा जवळजवळ तेवढेच. मल्टिमीटर सरासरी सांगतो. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा खरं चित्र दिसलं: १२ व्होल्टच्या सरळ रेषेला सेकंदाला शंभर खाचे पडत होते. ७८१२ला नीट काम करायला आत साधारण १४ व्होल्ट तरी लागतात. बाहेरचं व्होल्टेज दोनशेवर आलं की ट्रान्सफॉर्मरनंतरचंही त्या प्रमाणात उतरतं, आणि फिल्टर कपॅसिटर म्हातारा झाला असेल तर दोन लाटांमधल्या दरीत पाणी टिकत नाही. प्रत्येक दरीत रेग्युलेटरचे पाय टेकत नव्हते.

कपॅसिटर काढून मोजला. २२०० मायक्रोफॅरडचा, उरला होता निम्म्याहून कमी. वरून ना फुगलेला, ना गळलेला. रेग्युलेटरच्या तापलेल्या हीटसिंकशेजारी वर्षानुवर्षं उभा राहून आतलं द्रावण सुकत गेलेलं. अशा कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे.

तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीने माझ्या पिढीतल्या कित्येकांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय. काउंटरवर पोचायच्या आधीच दुकानदाराने हातातला जुना कपॅसिटर बघितला.

“ताई, पंच्याऐंशी डिग्री का एकशेपाच?”

“एकशेपाच. आणि ४७००चा द्या, ३५ व्होल्ट.”

“उंच चालेल का बुटका?”

हा प्रश्न विचारणारा माणूस समोर असणं ही केवढी सोय आहे, हे घरपोच पार्सलांच्या काळात जास्तच जाणवतं. बुटका घेतला, हीटसिंकपासून दूर, तारा थोड्या लांब सोडून बसवला. त्या संध्याकाळी प्लगला दोनशेच्या खाली व्होल्टेज आलं तरी १२ व्होल्टची रेष आखल्यासारखी होती आणि रुबिडियमसमोर लहर जागची हलली नाही.

उरले ते सूर्यास्तानंतरचे, मनमानी करणारे. यांना मात्र स्क्रूड्रायव्हर नाही. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर सूर्यामुळे विद्युतभारित झालेला थर असतो, तो म्हणजे आयनांबर. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो; माथ्यावरच्या उपग्रहालाही भर दुपारी काही दहा नॅनोसेकंद सहज लागतात. किती रेंगाळणार याचा ढोबळ अंदाज उपग्रह स्वतःच संदेशासोबत पाठवतात, त्याने साधारण निम्मी चूक निघते. आपल्याकडे हा थर जास्त खट्याळ, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. रॉकेट सोडायला केरळमधलं थुंबा निवडलं गेलं ते त्यासाठीच. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं ते वरच्या या थरांचा अभ्यास करायला. सूर्य मावळला की त्या पट्ट्यावर आयनांबरात पोकळ्या तयार होतात, बुडबुड्यासारख्या वर चढतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिणेला पसरतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे महिने, आणि सूर्यावर डाग जास्त असतील त्या वर्षांत जोर जास्त. अशी पोकळी पुण्यावरून सरकत असताना उपग्रहांचा आवाज ताऱ्यांसारखा लुकलुकतो. नोंदवहीत ते अचूक उमटतं: एकेक करून दक्षिणेकडचे उपग्रह डळमळायला लागतात, मग माथ्यावरचे, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळं निवळतं.

इथे रुबिडियमने उलटी साक्ष दिली. अशा संध्याकाळी त्याच्यासमोर लहर उभी असते आणि उपग्रहांच्या सेकंदापासूनचं अंतर उड्या मारत असतं. क्रिस्टल बरोबर, आकाशच डळमळीत. तेव्हा करायचं एवढंच, की विषुव महिन्यांत चक्राचा कालांक वाढवून ठेवायचा. आकाशाचं ऐकायचं, पण सावकाश. खरा उपाय दोन वारंवारतांवर ऐकणारा रिसीव्हर. आयनांबर कमी वारंवारतेला जास्त अडवतं, त्यामुळे १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन्हींवर एकाच उपग्रहाला ऐकलं की फरकावरून अडवणूक किती होती ते काढता येतं. आपला नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रहमाला, ११७६.४५वर आधीपासून बोलतो, आणि २९ मे २०२३ला गेलेल्या एनव्हीएस-०१पासून नाविकच्या नव्या उपग्रहांत १५७५.४२सुद्धा आलंय. त्याच उपग्रहात अहमदाबादला बनलेलं देशी रुबिडियम घड्याळ आहे. पहिल्या पिढीतल्या आयआरएनएसएस-१ए वरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती, हे आठवलं की या घड्याळाचं मोल समजतं. तिथे वर कोणाला कपॅसिटर बदलायला जाता येत नाही.

माझ्या डब्याचं आणखी एक पंचांग आहे, त्याचा त्रास नाही म्हणून उल्लेख राहून जातो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत लिहिलेला असतो. १०२४ आठवडे झाले की तो शून्यावर येतो. २२ ऑगस्ट १९९९ आणि ७ एप्रिल २०१९ या दोन दिवशी तसं झालं. जुनी यंत्रं असल्या वळणावर तारीख हरवून बसतात. माझं १९ वर्षं आणि साडेसात महिने मागे चालतं. सेकंदाची लांबी मात्र त्याला बरोबर माहीत आहे आणि मला तेवढीच हवी असते. तारीख लॅपटॉप दुरुस्त करून लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे नियंत्रक व्होल्टेजने पुन्हा एक पायरी घेतली. छोटी, आणि परत उतरली नाही. बाहेर मुसळधार पाऊस होता, म्हणून आधी गच्चीवर जाऊन अँटेनाच्या जोडात पाणी गेलंय का ते बघितलं. टेपखाली तांबं कोरडं, लखलखीत. वीज स्थिर, तापमान स्थिर, उपग्रह सगळे हजर. रुबिडियमसमोर लहर खरोखर सरकली होती. क्वार्ट्झ अशा उड्या मारतो. आत साठलेला ताण सुटतो, पृष्ठभागावरचा एखादा कण जागा सोडतो, अशी कारणं सांगतात. पण समोरच्या एका उडीचं नेमकं कारण हातात सापडत नाही. या बिघाडाला सरकती रेघ नाही, ठरलेली वेळ नाही, महिना नाही. चक्राने काही मिनिटांत त्याला जागेवर आणलं. मी पट्टीवर त्या जागी पेन्सिलने वेळ लिहिली, शेजारी पाऊस, तापमान, व्होल्टेज असं हाताशी होतं ते सगळं नोंदवलं, आणि पट्टी भिंतीवर लावली. दुसरी उडी आली की ताडून बघायला काहीतरी असेल.